धुऱ्यावरचा साग

श्रावणातल्या पहिल्या उघडिपीला मी भिवापूर तालुक्यातल्या आमच्या वावरात गेले, तेव्हा शेजारचे बापू आमच्या सामाईक धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उकिडवे बसून सागाची रोपे उपटत होते. रोपे वीतभरापासून गुडघ्यापर्यंतच्या उंचीची होती. पलीकडच्या सरकारी जंगलातून सागाची फळे पाण्याबरोबर वाहून येतात आणि मृगाच्या पावसानंतर धुऱ्यावर आपोआप रुजतात. बापूंचे काम पद्धतशीर चालले होते. आधी खुरप्याने बुडाजवळची माती मोकळी करायची आणि मग दोन्ही हातांनी रोप मुळासकट ओढून काढायचे, कारण साग नुसता कापला तर पुढच्या पावसाळ्यात दुप्पट जोमाने फुटतो. त्यांची बोटे लालभडक झाली होती. सागाचे कोवळे पान चुरगळले की असा रंग निघतो आणि तो साबणानेही लवकर जात नाही. "कायले उपटता, बापू?" असे मी विचारले. वर न पाहता ते म्हणाले, "आज हे रोप हाये, ताई. दहा वर्षांनी हेच सरकारचं झाड होते."

कायद्याच्या दृष्टीने बापूंचे विधान चूक आहे. मालकीच्या जमिनीवरचे झाड मालकाचे असते, आणि ते तोडण्यासाठी परवानगी लागते म्हणून त्याची मालकी सरकारकडे जात नाही. परंतु नागपुरात गेली पंचवीस वर्षे महसुली प्रकरणे चालवल्यानंतर, आणि स्वतःच्या वावरातल्या अकरा सागांपायी एक प्रकरण भोगल्यानंतर, मला त्यांना चूक म्हणवेना. शिवाय हीच शिकवण मला घरातही मिळाली होती. "साग गुडघ्याएवढा व्हायच्या आत काढावा, नंतर तो आपल्याला काढतो," असे बाबा म्हणत आणि आम्हा भावंडांना रविवारी त्या कामाला लावत. ज्या माणसाने घरामागच्या पिंपळाची फांदीही कधी कोणाला तोडू दिली नाही, त्याने सागाच्या बाबतीत असे का वागावे, हे समजायला मला वकिलीची सनद मिळेपर्यंत थांबावे लागले.

विदर्भात 'खासगी वनमालक' असा शब्द कोणी वापरत नाही, कारण तसा माणूस कागदावर जवळजवळ उरलेलाच नाही. मालगुजारीच्या काळी गावाबरोबर गावचे जंगलही मालगुजाराचे असे आणि त्यात गावकऱ्यांना निस्ताराचा, म्हणजे जळतण, घराचे लाकूड आणि चराई यांचा हक्क असे. १९५० च्या मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायद्याने ही व्यवस्था संपवली आणि ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारांची जंगले, तलाव आणि पडीत जमिनी सरकारजमा झाल्या. माझे आजोबा एका मालगुजाराकडे दिवाणजी होते. त्या आधीच्या हिवाळ्यात रात्रंदिवस कुऱ्हाडी चालल्या आणि सागाच्या बैलगाड्यांची रांग छोट्या रेल्वेच्या स्टेशनापर्यंत लागली, अशी आठवण ते सांगत असत. मालगुजार दुष्ट होता असे त्यांचे म्हणणे नव्हते. उद्या जे दुसऱ्याचे होणार ते आज रोकड करून घ्यावे, एवढाच त्याचा हिशोब होता, आणि असा हिशोब करणारा तो एकटा नव्हता. जंगल वाचवण्यासाठी मालकी बदलायची, आणि ती बदलणार ही बातमी आधी फुटल्यामुळेच जंगल तुटायचे, हा प्रकार आमच्या भागाने स्वातंत्र्यानंतर चारच वर्षांत पाहिला.

या हिशोबाचा एक मासला सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांतही सापडतो. एका जमीनदाराने एप्रिल १९४८ मध्ये आपल्या पत्नीला जंगलातले इमारती लाकूड, जळाऊ लाकूड आणि बांबू तोडून नेण्याचा हक्क बारा वर्षांहून अधिक मुदतीसाठी २६ हजार रुपयांना लिहून दिला, पण दस्त नोंदवला नाही. नवा कायदा आल्यावर सरकारने तोड थांबवली, आणि प्रकरण 'शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य' या नावाने दिल्लीपर्यंत जाऊन १९५८ मध्ये शांताबाई हरल्या. त्या खटल्यात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी स्वतंत्र मत लिहिले आहे. बोस हे आमच्या नागपूरचेच. इथे वकिली करून ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले होते. जमिनीतून पोसले जाणारे, अजून वाढत राहणारे झाड म्हणजे स्थावर मालमत्ता, आणि लाकडासाठी आता तोडायला आलेले झाड म्हणजे उभे लाकूड, असा भेद त्यांनी तिथे उलगडून दाखवला. विद्यार्थिदशेत मी तो केवळ परीक्षेपुरता पाठ केला होता. धोरण आखणाऱ्याला वावरात झाड दिसते, मालकाला त्याच जागी उभे लाकूड दिसते, आणि बापूंना तर गुडघ्याएवढ्या रोपातच पुढचे प्रकरण दिसते, ही त्या भेदाची पुढची पायरी मला वकिलीत उमगली.

मालगुजारी गेली तरी सगळीच झाडे सरकारकडे गेली नाहीत. खातेदारांच्या नावावर राहिलेल्या जमिनींवर, विशेषतः जंगलाला लागून असलेल्या हलक्या, मुरमाड वावरांत आणि धानाच्या बांध्यांच्या कडेने, साग, ऐन, मोह, बिजा, तेंदू यांची बऱ्यापैकी दाट झाडी राहिली. आजचे वनमालक म्हणजे हेच पाच-दहा एकरांचे खातेदार. त्यांच्यावर एकापाठोपाठ एक कायदे येत गेले, आणि प्रत्येक कायद्याने त्यांना एकच गोष्ट शिकवली. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायद्याने साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, ऐन, बिजा, हळदू, तिवस, खैर, अंजन अशा झाडांची अनुसूची केली आणि ती परवानगीशिवाय तोडण्यास मनाई केली. १९७५ चा खासगी वने संपादन कायदा त्याहून पुढे गेला आणि ३० ऑगस्ट १९७५ रोजी राज्यातली खासगी वने थेट शासनाच्या मालकीची झाली. तीन वर्षांनी, १९७८ मध्ये, त्यात कलम २२-अ घालून छोट्या मालकांना एकूण धारणा १२ हेक्टरांपर्यंत होईल इतकी जमीन परत मिळण्याची वाट ठेवली गेली, पण ज्याला आपली जमीन गेली हेच ठाऊक नव्हते तो परत मागणार कशी? कोकणात आणि मुंबईच्या उपनगरांत तर भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५ खाली पूर्वी कधीतरी निघालेली एक नोटीस एवढ्याच आधारावर जमिनी वन समजल्या गेल्या होत्या. नोटीस नुसती काढून भागत नाही, ती मालकाला बजावली गेली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले. म्हणजे मूळ नोटीस काढणारे आणि ती ज्यांना मिळायला हवी होती ते, असे दोघेही बहुतेक हयात नसताना.

मग १२ डिसेंबर १९९६ चा तो प्रसिद्ध आदेश आला. वन म्हणजे केवळ अधिसूचित वन नव्हे, तर शब्दकोशातल्या अर्थाने जे वन ते वन, मग मालकी कोणाचीही असो, असे सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात ठरवले, आणि अशा जागेचा वनेतर उपयोग करायचा तर केंद्राची पूर्वपरवानगी लागेल हे त्यातून ओघाने आले. या आदेशाने देशातली कितीतरी जंगले वाचली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मला नेहमी थबकायला लावते ती याचिकाकर्त्याची गोष्ट. टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाड हे केरळातल्या निलांबूरच्या राजघराण्यातले. गुडालूर भागातली त्यांच्या घराण्याची जंगले सरकारने ताब्यात घेतली, आणि त्यानंतर तिथे झालेली तोड पाहून व्यथित झालेल्या या माणसाने १९९५ मध्ये याचिका केली. भारतातल्या सर्वांत व्यापक वनसंरक्षण खटल्याच्या मुळाशी, ज्याचे जंगल गेले अशा घरातला एक माणूस उभा आहे. मालक म्हटला की तो कुऱ्हाड घेऊनच बसलेला असणार, असे गृहीत धरणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

विदर्भात या आदेशाला झुडपी जंगलाची आणखी एक गुंतागुंत आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतल्या जुन्या महसुली दप्तरात झुडपांच्या पडीत जमिनींवर 'झुडपी जंगल' असा शेरा आहे. या जमिनी बहुतांशी शासकीय असल्या तरी गेल्या काही दशकांत त्यांवर वस्त्या, शाळा, शेते, स्मशाने आणि सरकारी इमारतीही उभ्या राहिल्या. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच असल्याचे सांगितले. मात्र १९९६ च्या त्या तारखेपूर्वी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जमिनींसाठी केंद्राची मान्यता घेण्याचा मार्गही ठेवला. वनव्यवस्थापनास अयोग्य म्हणून राज्याने वेगळे काढलेले क्षेत्रच ८६,४०९ हेक्टर आहे, यावरून प्रश्नाचा आकार ध्यानात यावा. निकालाला दोन दिवस होत नाहीत तोच माझ्याकडे उमरेडकडचे सहा खातेदार आले. त्यांच्यातल्या एकाच्याही सातबाऱ्यावर झुडपी जंगलाचा शेरा नव्हता. सगळ्यांचा प्रश्न मात्र एकच होता: "आमच्या पडीत तुकड्यावर पळस अन् बोर माजली हाये, ते साफ करून टाकू का?" पळस आणि बोरीचा दोष इतकाच की त्या झुडपासारख्या दिसतात. साफ करू नका, तुमचा याच्याशी संबंध नाही, असे मी सहाही जणांना समजावून सांगितले. त्यांपैकी चौघांनी पुढच्या आठवड्यात जेसीबी लावला.

आता अकरा सागांविषयी. ते बाबांनी १९८३ मध्ये विहिरीच्या कडेने हाताने लावले होते, म्हणजे उपटण्याच्या आपल्याच नियमाला त्यांनी एकदा अपवाद केला होता. भावाच्या घराला चौकटी आणि दारे हवी होती म्हणून आम्ही त्यांचे मालकी प्रकरण, म्हणजे स्वतःच्या जमिनीवरची झाडे तोडण्याच्या परवानगीचे प्रकरण, दाखल केले. सातबारा, नकाशा, वारसांची संमतीपत्रे हे सगळे माझ्या रोजच्या कामातले असल्याने मला फुशारकी होती की चार महिन्यांत परवाना हातात येईल. वावराची एक बाजू जंगलाला लागून असल्याने हद्द कायम करणे आले, त्यासाठी मोजणी आली, मोजणीच्या तारखेला एका खात्याचा माणूस आला तर दुसऱ्याचा आला नाही, आणि पुढची तारीख पेरणीत पडली. पहिल्या वर्षी एवढेच झाले.

दुसऱ्या वर्षी झाडांची यादी झाली, आणि ते काम मी उभी राहून पाहिले. वनरक्षकाने छातीच्या उंचीवर टेप गुंडाळून प्रत्येक झाडाची गोलाई घेतली. मजुराने कुऱ्हाडीने दोन ठिकाणी साल सोलली, एक छातीशी आणि एक अगदी बुडाशी. दोन्ही जागी डांबराने अनुक्रमांक टाकला आणि त्यावर हातोडा मारला. त्या हातोड्याचे तोंड सपाट नसते, त्यावर उठावाची अक्षरे असतात, आणि ओल्या लाकडात ती इतकी खोल बसतात की बोट फिरवले तरी वाचता यावीत. बुडाशी मारलेला शिक्का खुंटावर राहतो. जे झाड मंजूर झाले तेच तोडले की दुसरे, हे नंतर त्यावरून पडताळतात. नऊ नंबरच्या झाडावर बाबांनी कधीतरी दोरी बांधायला ठोकलेला खिळा होता, तो सालीने गिळून टाकलेला. मजुराची कुऱ्हाड नेमकी त्यावर बसली आणि धार गेली. त्याने त्या झाडाला दिलेली शिवी बाबांना आवडली असती.

तोड झाली आणि लाकूड वावरातच पडून राहिले, कारण वाहतूक परवान्यासाठी, ज्याला सगळे टीपी म्हणतात, पुन्हा मोजमाप आणि पुन्हा हातोडा लागतो, आणि मधल्या काळात साहेबांची बदली झाली होती. सागाच्या गाभ्याला वाळवी लागत नाही, पण बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला लागते. टीपी हाती येईपर्यंत एक पावसाळा गेला होता आणि बारीक ओंडक्यांच्या कडा पिठासारख्या भुसभुशीत झाल्या होत्या. भावाने तोवर बाजारातून आयात लाकडाच्या चौकटी आणून बसवल्या होत्या. मी कोणालाही एक रुपया वरचा दिला नाही, हे खरे. आणि जो देतो त्याचे काम लवकर होते, असा तालुक्यात सर्वांचा ठाम समज आहे, हेही खरे. प्रकरण संपल्यावर बापू मला म्हणाले, "तुम्ही वकील असून दोन वर्षं लागले, तं आमचं काय?" या प्रश्नाचे उत्तर मला आजही सापडलेले नाही.

या सगळ्या शिक्क्यांमागे खात्याची नुसती हौस नाही, हे इथेच नोंदवले पाहिजे. एक निवृत्त वनाधिकारी माझे चांगले परिचित आहेत. मालकी प्रकरण हा सरकारी लाकूड पांढरे करण्याचा सर्वांत सोपा मार्ग होता, असे ते सांगतात. वावरात अकरा झाडे असताना यादीत चाळीस दाखवायची, परवाना चाळिसांचा काढायचा आणि उरलेली एकोणतीस पलीकडच्या राखीव जंगलातून आणायची. टीपी खरी, शिक्का खरा, फक्त झाड खोटे. बुडाशी हातोडा, हद्दीची मोजणी, दुबार मोजमाप हे सगळे या चोरीला घातलेले कुलूप आहे. त्यांचे म्हणणे मला पटते. परंतु या कुलपाची किल्ली चोराला मिळते आणि घरमालक मात्र दाराशी ताटकळत राहतो, असे मी त्यांना म्हटले तेव्हा त्यांनी वाद घातला नाही, चहा सांगितला.

मालकांची वृत्ती काय, हे विचारताना बहुतेक जण वाघाबद्दल विचारतात. आमचे गाव उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यापासून लांब नाही. २०१२ मध्ये ते घोषित झाले तेव्हा गावात जी भीती होती ती वाघाची कमी आणि हद्दीच्या रेषेची जास्त होती. रानडुकरे आणि रोही, म्हणजे नीलगायी, पिकाची नासाडी करतात, त्याचा राग आहे आणि तो खरा आहे. पण वाघ पूर्वीही होताच, आणि त्याच्याविषयी बोलताना म्हाताऱ्यांच्या आवाजात एक प्रकारचा अदबीचा सूर असतो. राखीव, संरक्षित, बफर, कॉरिडॉर, पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र, या शब्दांविषयी मात्र तसा सूर नसतो. प्रत्येक अभयारण्याभोवती किमान एक किलोमीटरचे संवेदनशील क्षेत्र असावे, असा आदेश जून २०२२ मध्ये झाला आणि एप्रिल २०२३ मध्ये तो शिथिलही झाला. त्यानंतर २०२३ च्या दुरुस्तीने वन संरक्षण कायद्याची व्याप्ती आकसली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने तूर्त जुनीच व्याख्या चालू ठेवण्यास सांगितले. माझ्यासारखीला हे पोटापाण्यासाठी वाचावे लागते. ज्याला ते वाचायचे कारण नाही, तो यातून एवढेच घेतो की रेषा सरकते, आणि सरकली की ती नेहमी झाडी असलेल्या वावराच्या दिशेनेच सरकते.

प्रत्येक झाडाविषयीची वृत्ती सारखी नसते, हेही पाहण्यासारखे आहे. आमच्या वावराच्या दक्षिणेला एका गोंड कुटुंबाची चार एकर जमीन आहे आणि तिच्यात सात मोहाची झाडे आहेत. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे सगळे घर टोपल्या घेऊन फुले वेचते, आणि नंतर टोळीचे, म्हणजे मोहाच्या बियांचे, तेल निघते. मोहही अनुसूचीत आहे, पण त्याच्या रक्षणासाठी त्या घराला कोणत्याही कायद्याची गरज नाही, कारण उभा मोह दरवर्षी देतो आणि पडलेला एकदाच. त्याच कुटुंबाने सागाची मात्र एक काडीही ठेवलेली नाही. आदिवासी खातेदाराच्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा वेगळा कायदा आहे. व्यापाऱ्यांनी त्यांना लुबाडू नये म्हणून तो झाला आणि त्यावेळी त्याची निकड होतीच. पण त्यामुळे त्यांच्या सागाला आमच्या सागापेक्षा आणखी एका कचेरीचे उंबरे झिजवावे लागतात. शहरातून येऊन फार्महाऊस बांधणारे तिसऱ्याच तऱ्हेचे. त्यांना झाडे हवी असतात, वाघ तर हवाच असतो, आणि त्याच वेळी चारही बाजूंनी जाळीचे कुंपणही हवे असते. त्यांच्याविषयी अधिक न लिहिलेले बरे, त्यांतले काही माझे पक्षकार आहेत.

अनुसूचीचा परिणाम पाहायचा असेल तर नवी लागवड पाहावी. कोणी शेतकरी हळदू लावताना, बिजा लावताना, तिवस लावताना मी पाहिलेला नाही. लावतात ते निलगिरी आणि सुबाभूळ, ज्यांच्यामागे हा व्याप नाही. जी झाडे वाचावीत म्हणून त्यांची नावे कायद्यात लिहिली, ती नावे लिहिल्यामुळेच वावरांतून नाहीशी होत आहेत. बांबूच्या बाबतीत ही चूक उमगली आणि २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमाच्या झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला. सागाच्या बाबतीत तसे धाडस होणे कठीण, कारण सरकारी जंगलात बांबूच्या चोरीचे मोल आणि सागाच्या चोरीचे मोल यांत मोठे अंतर आहे.

बापूंच्या लाल बोटांना परदेशातही भाऊबंद आहेत. अमेरिकेच्या कॅरोलायना भागात लाल ठिपक्याचा एक सुतारपक्षी म्हाताऱ्या पाइनच्या खोडात घर करतो. १९७३ च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्यामुळे, हा पक्षी ज्याच्या रानात आला त्याची तोड थांबे. तेव्हा पक्ष्याच्या वसाहतींजवळचे मालक आपली झाडे म्हातारी होण्याआधीच तोडून मोकळे होत होते, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासात दिसले. मालकांच्या या वागण्यावर १९९५ पासूनच तिथे एक तोडगा काढला गेला होता: मालकाने आज आपल्या रानात जितके पक्षी आहेत तितक्यांची हमी घ्यायची, आणि त्याच्या चांगल्या वागण्यामुळे पुढे पक्षी वाढले तर त्या वाढीव पक्ष्यांपायी त्याच्यावर नवे बंधन यायचे नाही. त्यात पैसा हा मुख्य भाग नव्हता. उद्याची धास्ती आज लेखी काढून टाकणे, हा मुख्य भाग होता.

फिनलंडचे उदाहरण तर आमच्या उपोषणप्रिय मुलखाला जवळचे वाटावे. तिथली साठेक टक्के उत्पादक वनजमीन सामान्य कुटुंबांच्या मालकीची आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस युरोपीय संघाच्या नातुरा २००० या संरक्षित जाळ्यात कोणाची जमीन येणार याच्या याद्या निघाल्या, तेव्हा १९९७ मध्ये कार्विया या गावी जमीनमालक उपोषणाला बसले. पुढे सरकारने रीत बदलली. २००८ पासून चालू असलेल्या मेत्सो कार्यक्रमात मालक स्वतः आपले रान देऊ करतो, त्याची निसर्गदृष्ट्या पारख होते, आणि कायमचे किंवा दहा-वीस वर्षांच्या मुदतीने ते राखण्याबद्दल त्याला मोबदला मिळतो. कायमच्या संरक्षणातही हवी असल्यास मालकी त्याच्याकडे राहते. दोन्ही वेळी मालक तेच होते, झाडेही तीच होती. पहिल्या वेळी यादी दुसऱ्याने केली होती आणि दुसऱ्या वेळी ती मालकाने स्वतः केली, एवढ्यानेच पुष्कळ फरक पडला.

आपल्याकडेही काही हालचाल आहे. आंतरराज्य वाहतुकीसाठी एकच ऑनलाइन परवाना देण्याची सोय २०२३ च्या अखेरीस झाली, आणि जून २०२५ मध्ये केंद्राने शेतजमिनीवरील वृक्षतोडीसाठी राज्यांना नमुना नियम पाठवले. त्यांत लागवडीची नोंद आधी पोर्टलवर करायची आणि तोडीच्या वेळी त्या नोंदीवर भर द्यायचा, अशी कल्पना आहे. कल्पना योग्य आहे. माझ्या अकरा सागांची नोंद १९८३ मध्ये झाली असती, तर ते जंगलातले की वावरातले हे ठरवण्यात एक वर्ष गेले नसते. अडचण आहे ती इतकीच की नोंद करणे म्हणजे आपणहून मान पुढे करणे, असे ज्या माणसाला तीन पिढ्यांच्या अनुभवाने वाटते, त्याला पोर्टलपर्यंत आणायचे कसे. माझ्या मते त्यासाठी एका कागदाची गरज आहे. ज्या दिवशी झाडाची नोंद होईल त्याच दिवशी मालकाच्या हाती असे लेखी मिळावे की हे झाड त्याचे आहे, या नोंदीमुळे ही जमीन कधीही वन ठरणार नाही, आणि तोडीच्या अर्जावर ठराविक दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे समजले जाईल. राज्याच्या वनखात्याचे मुख्यालय असलेले सिव्हिल लाइन्समधले वनभवन माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. हा कागद तिथून भिवापूरला पोहोचायला किती वर्षे लागतील याचा अंदाज करण्याची मला हिंमत होत नाही.

त्या दिवशी बापूंनी धुऱ्याची त्यांच्या बाजूची रोपे संपवली आणि ते आमच्या बाजूला सरकू लागले, तेव्हा मी त्यांना थांबवले. विहिरीकडच्या टोकाला, जिथे बाबांच्या नऊ नंबरचा खुंट अजून आहे, तिथली तीन रोपे राहू द्या, असे म्हटले. त्यांनी खांदे उडवले. मग मी सावलीत बसून ई-पीक पाहणीचे, म्हणजे सरकारी ॲपमध्ये पिके नोंदवण्याचे, काम उरकायला मोबाइल काढला. सोयाबीन भरले, तूर भरली. त्या ॲपमध्ये 'बांधावरची झाडे' असा एक पर्याय असतो, तो उघडला आणि आंबा एक, चिंच एक असे भरत गेले. बापू मागे उभे राहून पाहत होते. "साग नोका टाकू, ताई," ते हळू आवाजात म्हणाले, जणू काही फोन ऐकत होता. मी यादीत साग शोधला आणि क्षणभर त्यावर बोट धरून राहिले. नंतर मागे येऊन माहिती तशीच जतन केली, आंबा एक, चिंच एक. तीन रोपे धुऱ्यावर आहेत; गेल्या रविवारी पाहिले तेव्हा त्यांतले एक माझ्या कमरेला लागत होते.